व्हिनेगर टॉनिकच्या बरणीत दरवेळी पांढरा थर येतोय? आधी वर तरंगणारा कांदा बघा

हिवाळा लागायच्या आधी आलं, लसूण, कांदा, मिरची, हळद असं सगळं व्हिनेगरमध्ये तीन-चार आठवडे मुरवून, गाळून, मध घालून जे टॉनिक करतात, ज्याला बरेच जण फायर सायडर म्हणतात, ते मी बरीच वर्षं घरी करतेय आणि त्यातले सलग तीन हिवाळे माझी बरणी तिसऱ्या आठवड्यात खराब झाली. पहिले पंधरा दिवस सगळं छान असायचं, रंग मस्त, वास असा की झाकण उघडलं की डोळ्यात पाणी, आणि मग एक दिवस वर पांढरे ठिपके दिसायचे, दोन दिवसांत त्यांचा थर व्हायचा आणि सगळं ओतून द्यावं लागायचं. इतका जीव लावून चिरलेलं, किसलेलं असं सिंकमध्ये जाताना फार वाईट वाटतं. ज्यांच्या बाबतीत हे वारंवार होतंय त्यांच्यासाठी लिहितेय, कारण याचं कारण सापडायला मला तीन वर्षं लागली आणि तुम्हाला तेवढी लागू नयेत असं मनापासून वाटतं.

पहिल्या वर्षी वाटलं बरणी नीट धुतली गेली नसेल. म्हणून दुसऱ्या वर्षी बरणी उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवली, पूर्ण कोरडी केली, तरी तेच. मग वाटलं व्हिनेगरच खराब असेल, तिसऱ्या वर्षी दुसरं आणलं, तरी तेच. त्या तिसऱ्या वर्षी मात्र ओतून द्यायच्या आधी मी बरणी खिडकीच्या उजेडात धरून नीट बघितली. कांद्याची एक चकती होडीसारखी वाकून वर तरंगत होती, तिची पाठ व्हिनेगरच्या बाहेर, कोरडी, आणि पांढरे ठिपके नेमके त्या पाठीवर सगळ्यात दाट होते. शेजारी लसणाच्या एका पाकळीचं टोक वर आलेलं, त्यावरही तसंच. जे तुकडे पूर्ण बुडालेले होते ते अगदी स्वच्छ, एक ठिपका नाही. बरणी तीच, व्हिनेगर तेच, पण बुडालेलं चांगलं आणि बाहेर आलेलं खराब. तिथे माझी ट्यूब पेटली.

तर मूळ दुखणं हे की व्हिनेगर फक्त जिथे पोचतं तिथेच राखण करतं. तुकडा वर आला की त्याच्यावर हवा आहे, ओलावा आहे, साखर आहे आणि आम्ल जवळपास नाही, म्हणजे बुरशीला आणि यीस्टला पाहिजे ते सगळं आयतं मिळालं. आणि ताजे तुकडे तरंगतातच, कारण कांद्याच्या पाकळ्यांमध्ये, आल्याच्या किसात, पानांच्या खाली हवा अडकलेली असते. त्यात आणखी एक गोष्ट होते जी कोणी सांगत नाही, वाळवलेली पानं किंवा वाळलेली मुळं घातली असतील तर ती पहिल्या दिवसातच व्हिनेगर पितात, पातळी एक-दोन बोटं खाली जाते, आणि काल जे बुडालेलं होतं ते आज उघडं पडतं. आपण बरणी भरतो, झाकण लावतो, कपाटात ठेवतो आणि सरळ आठवड्याने बघतो. तोवर व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

याच्यावर उपाय सोपा आहे पण तो करायचा म्हणजे करायचाच. भरल्यानंतर 24 तासांनी बरणी उघडा, स्वच्छ लाकडी चमच्याने बाजूने खाली दाबून हवेचे बुडबुडे काढा आणि पातळी खाली गेली असेल तर वरून व्हिनेगर घाला, पाणी नाही, व्हिनेगरच. मग वर वजन ठेवा. काचेची गोल वजनं मिळतात ती उत्तम, नसतील तर बरणीच्या तोंडातून जाईल अशी छोटी काचेची बाटली किंवा वाटी चालते, किंवा खाण्याच्या वस्तूंसाठीच असलेल्या जाड झिपलॉक पिशवीत थोडं व्हिनेगर भरून ती वर ठेवायची. पिशवीत पाणी भरू नका, ती गळली तर तेच पाणी बरणीत जाईल. धातूचं वजन नको. सगळे तुकडे निदान बोटभर खाली राहिले पाहिजेत. आणि वर मोकळी जागा कमीत कमी ठेवा, कारण वरचा थर ज्या यीस्टचा असतो त्याला हवा लागते, अर्धी रिकामी बरणी म्हणजे त्याला मोकळं रान. पहिला आठवडा रोज एकदा बरणी हलवायची, म्हणजे चुकून वर राहिलेला तुकडाही परत परत भिजत राहतो.

चौथ्या वर्षी मी मुद्दाम दोन बरण्या शेजारी शेजारी लावल्या, एकात वजन, एकात नाही, बाकी सगळं एकाच ताटातून अर्धं अर्धं. बिनवजनाच्या बरणीत अठराव्या दिवशी ठिपके आले. वजनाची बरणी चार आठवडे काढूनही स्वच्छ. माझ्या घरातल्या दोन बरण्या म्हणजे काही मोठा प्रयोग नाही, पण मला तेवढं पुरेसं होतं.

आता दुसरं कारण, आणि ज्यांचे तुकडे बुडालेले असूनही थर येतो त्यांनी हे जरा नीट वाचा. तुमचं व्हिनेगर पातळ होतंय. बाटलीवर 5 टक्के आम्लता लिहिलेली असते तेव्हा 100 मिलीत साधारण 5 ग्रॅम अ‍ॅसेटिक आम्ल असतं, म्हणजे अर्ध्या लिटरमध्ये 25 ग्रॅम. आता आपण त्यात काय घालतो? कांद्यात साधारण 89 टक्के पाणी, आल्यात 79 टक्क्यांच्या आसपास, लसणात 58-59 टक्के. समजा 200 ग्रॅम कांदा, 100 ग्रॅम आलं आणि 100 ग्रॅम लसूण घातला तर त्यातलं पाणीच झालं साधारण 315 मिली. मुरता मुरता हे पाणी बाहेर येतं, आम्ल आत जातं आणि सगळं एकसारखं होतं, म्हणजे तेच 25 ग्रॅम आम्ल आता 500 मध्ये नाही तर 815 मिलीमध्ये पसरलं. आम्लता आली तीन टक्क्यांवर. बाटली 5 टक्क्यांची आणली आणि बरणीत 3 टक्केच उरले! त्यात धुतलेली पानं ओलीच टाकली, वर संत्र्याच्या किंवा लिंबाच्या फोडी घातल्या, तर पाणी आणि साखर आणखी वाढली.

बहुतेक रेसिपी सांगतात की बरणी पाऊण भरेपर्यंत जिन्नस घाला आणि वरून व्हिनेगर ओता. हा प्रकार लोकप्रिय झाला तो 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला, अमेरिकेतल्या रोझमेरी ग्लॅडस्टार या वनौषधी शिकवणाऱ्या बाईंनी कॅलिफोर्नियातल्या त्यांच्या शाळेच्या स्वयंपाकघरात तो बनवला तेव्हापासून. मग तो हातोहात पसरला, प्रत्येकाने आपापला बदल केला, इतका की फायर सायडर हे नाव कोणा एकाच्या मालकीचं नाही, सगळ्यांचं आहे असा निकाल 2019 मध्ये तिथल्या कोर्टाने दिला. मला ही मोकळीक फार आवडते, पण त्यामुळे होतं काय की प्रमाण कोणी वजनात सांगत नाही, मूठभर, पाऊण बरणी, अंदाजाने, आणि बरणी जितकी दाबून भरू तितकं व्हिनेगर कमी बसतं. म्हणून मी आता वजन करते. अर्धा लिटर व्हिनेगरला सगळे ताजे जिन्नस मिळून 200 ग्रॅम, त्याच्यावर नाही. याने आम्लता पावणेचारच्या आसपास राहते. चव कमी पडेल असं वाटतं पण पडत नाही, किसून घातलं तर पुरते. आणि पानं, मुळं जे काही धुतलं असेल ते कापडावर पसरून पूर्ण कोरडं होऊ द्या, एक-दोन तास गेले तर जाऊ देत.

व्हिनेगर 5 टक्क्यांचं आहे का हे बाटलीवर वाचून घ्या, 4 टक्क्यांचीही मिळतात. साफसफाईसाठी जे जास्त तीव्र व्हिनेगर विकतात ते यासाठी अजिबात वापरायचं नाही. आणि घरी केलेलं व्हिनेगर असेल तर त्याची आम्लता किती हे मोजल्याशिवाय कळत नाही, ते कितीही चांगलं लागत असलं तरी या कामाला मी घेत नाही, ते सॅलडवर वापरा. फार आंबट होतंय म्हणून सुरुवातीलाच पाणी घालून सौम्य करायचं हे तर करूच नका, पाणी घालायचं ते पिताना, ग्लासात.

ज्यांना मोजून खात्री करायची असेल त्यांनी पीएचच्या (आम्लपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) पट्ट्या आणाव्यात, पण 1 ते 14 वाल्या नाही, लहान टप्प्याच्या, साधारण 3 ते 5 मध्ये बारीक फरक दाखवणाऱ्या. मुरल्यावर पीएच 4 च्या खाली हवाच. 4.6 ही सीमारेषा का म्हणतात तर त्याच्या खाली बॉट्युलिझमचे, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेचे, जंतू वाढू शकत नाहीत, आणि लसूण जमिनीतला असल्यामुळे त्याच्यावर त्यांचे बीजाणू असू शकतात. म्हणूनच लसूण तेलात घालून बाहेर ठेवणं धोक्याचं आणि पुरेशा आम्लाच्या व्हिनेगरमध्ये ठेवणं ठीक. एक छोटी अडचण, हळद घातलेली असेल तर पट्टी पिवळी होते आणि वाचताच येत नाही. मी म्हणून हळद वेगळ्या छोट्या बाटलीत व्हिनेगरमध्ये मुरवते आणि मोठ्या बरणीचा पीएच बघून झाल्यावर, गाळताना एकत्र करते. डिजिटल मीटर असेल तर हा प्रश्नच नाही.

बरं, वर जे आलंय ते नेमकं काय हे आधी ओळखा, कारण प्रत्येक पांढरी गोष्ट म्हणजे बुरशी नाही. मी एका वर्षी चांगली बरणी घाबरून फेकली असणार असं आता वाटतं. कापसासारखं, केसाळ, वर उठलेलं असेल, किंवा हिरवं, काळं, निळं, गुलाबी असा रंग असेल तर ती बुरशी. पूर्ण बरणी फेकायची. वरचं काढून खालचं वापरू असं करू नका, बुरशीचे तंतू खाली गेलेले असतात, ते दिसत नाहीत, आणि बुरशी आम्ल खाते म्हणजे तिच्या भोवतालचा पीएच वाढत जातो, जे राखण करत होतं तेच कमी होतं.

पातळ, सपाट, पांढरट, सुरकुतलेला पापुद्रा असेल, हलवला की तुटून पसरतो, तर ते फिल्म यीस्ट. हे विषारी नाही, पण चव बिघडवतं आणि हळूहळू तेही आम्ल खातं. काल-परवाच आलेलं असेल, वास चांगला असेल, पीएच 4 च्या बराच खाली असेल तर वरचा थर काढून, लगेच गाळून, फ्रीजमध्ये ठेवून वापरता येतं. थर जाड झाला असेल किंवा कधीपासून आहे हे माहीत नसेल तर माझं मत स्पष्ट आहे, जाऊ द्या, हे तब्येतीसाठी करतोय ना आपण.

आणि गुळगुळीत, जेलीसारखा, अर्धपारदर्शक गोळा किंवा चकती असेल, बोटाला रबरी लागते, तर ती व्हिनेगरची मदर. न गाळलेलं व्हिनेगर वापरलं की ती तयार होऊ शकते, ती व्हिनेगर बनवणाऱ्या जिवाणूंनी विणलेली सेल्युलोजची चादर असते. पूर्ण निरुपद्रवी, गाळून बाजूला करा.

लसूण निळा-हिरवा झाला म्हणून घाबरणारेही खूप आहेत. माझ्याकडे एकदा अख्ख्या पाकळ्या मोरपंखी झाल्या होत्या, तळाशी बसलेल्या, अगदी रंग दिल्यासारख्या. लसणातली गंधकाची संयुगं आणि अमिनो आम्लं यांची आम्लात आपसात क्रिया होऊन तो रंग येतो, थंडीत साठवलेल्या लसणाला जास्त. रंग पाकळीच्या आत आहे, वर केसाळ काही नाही, तर खुशाल वापरा.

तळाशी गाळ, पाणी गढूळ, हेही बहुतेक वेळा आल्याचं स्टार्च आणि हळदीचे कण असतात. हळदीतलं करक्युमिन पाण्यात जवळपास विरघळतच नाही त्यामुळे हळद तळाशी बसणारच, पिण्याआधी बाटली हलवा, बस. गढूळ आहे आणि त्यात बारीक बुडबुडेही सतत वर येतायत, झाकण फुगलंय, उघडताना फस्स आवाज आला, तर मात्र ते आंबायला लागलंय. पहिल्या दोन दिवसांतले बुडबुडे म्हणजे फक्त अडकलेली हवा, त्यांचं काही नाही. दहा दिवसांनंतरचे असतील तर आम्लता कमी पडलीये असं समजा.

हे आंबणं जास्त करून मध घातल्यावर होतं. पुष्कळ जण सुरुवातीलाच मध घालतात, मीही घालायचे. मध घट्ट असतो तोवर त्यातलं यीस्ट गप्प पडून असतं, कारण पाणी 17-18 टक्केच, पण तो पातळ झाला की तीच साखर यीस्टला खाद्य होते, आणि व्हिनेगर आधीच तीन टक्क्यांवर आलेलं असेल तर त्याला अडवणारं फार काही उरत नाही. म्हणून मध शेवटी, गाळून झाल्यावर, एक कप टॉनिकला पाव कप, आणि मग बाटली फ्रीजमध्ये. मध विरघळत नसेल तर बाटली कोमट पाण्यात दहा मिनिटं उभी करा.

झाकणाचं सांगायचं राहिलं. धातूचं झाकण व्हिनेगरच्या वाफेने गंजतं, आतला लेप जरासा जरी खरवडलेला असेल तरी. एका वर्षी मी झाकण उघडलं तर आतून तांबूस-काळे थेंब लोंबत होते आणि काही खाली पडलेले. ते टॉनिक गेलं. प्लॅस्टिकचं झाकण घ्या, नाहीतर बरणीचं तोंड आणि झाकण यांच्या मध्ये बेकिंगचा कागद दुहेरी घालून मग झाकण लावा.

तिखटपणा कमी येतो अशी तक्रार असेल तर चिरून लगेच व्हिनेगरमध्ये टाकताय का बघा. लसूण ठेचल्यावर आणि हॉर्सरॅडिश (मोहरीसारखं झणझणीत मूळ, काही जण तेही घालतात) किसल्यावर त्यांचा झणझणीतपणा हवेत तयार होतो, त्यातल्या एन्झाइमला काही मिनिटं लागतात आणि आम्ल पडलं की ते काम थांबतं. किसून दहा मिनिटं तसंच ठेवा, मग व्हिनेगर ओता, फरक लगेच कळतो. उलट फारच जहाल होत असेल तर मिरच्या आठवड्याने काढून घ्या, बाकीचं मुरू द्या. मिरच्या एका मलमलच्या पुरचुंडीत बांधून घातल्या की काढायला सोप्या जातात, फक्त ती पुरचुंडीही बुडालेली राहिली पाहिजे!

घेण्याबद्दल थोडं, कारण टॉनिक बिघडलं नाही पण त्याने पोट बिघडलं असंही होतं. एक चमचा, म्हणजे 15 मिली, मोठा ग्लासभर पाण्यात. नुसतं घोटून घेऊ नका, घसा आणि अन्ननलिका भाजू शकते. दातांचं एनॅमल साधारण 5.5 पीएचच्या खाली झिजायला लागतं आणि हे तर त्याच्या कितीतरी खाली आहे, म्हणून नंतर साध्या पाण्याने चूळ भरा आणि अर्धा तास ब्रश करू नका. अ‍ॅसिडिटी किंवा अल्सर असलेल्यांनी टाळलेलं बरं. रक्त पातळ करणारी गोळी, मधुमेहाची औषधं किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज घेऊ नका, लसूण, आलं, हळद आणि व्हिनेगर यांचा त्या औषधांशी संबंध येतो. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध घातलेलं काहीच द्यायचं नाही. आणि याने सर्दी बरी होते असं मी म्हणणार नाही. नुसत्या लसणावर सर्दीसाठी झालेल्या अभ्यासांचा कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने 2014 मध्ये आढावा घेतला तेव्हा निकषात बसणारा अभ्यास त्यांना एकच सापडला होता, म्हणजे पुरावा तेवढाच तोकडा. मला थंडीत सकाळी त्याने छाती मोकळी झाल्यासारखी वाटते, घशाला ऊब येते, म्हणून मी घेते.

गाळताना बारीक गाळणी आणि वर मलमल, चोथा हाताने घट्ट पिळा, हातमोजे घालून, मिरचीचा हात डोळ्याला लागला तर दिवस जातो. बाटलीवर तारीख लिहा. फ्रीजमध्ये ठेवून मी सहा महिन्यांत संपवते. बरणीवरही भरल्याची तारीख आणि शेजारी 24 तासांनंतरची वेळ लिहून चिकटवते, कारण पातळी बघायची ती दुसऱ्या दिवशीची खेप विसरली की पुढच्या सगळ्या मेहनतीवर पाणी. यंदाच्या बरणीत परवा ती बघितली तेव्हा व्हिनेगर दीड बोट खाली गेलं होतं आणि आल्याचा किस एका बाजूने वर आला होता. खाली दाबला, भर घातली, वजन परत नीट बसवलं.